उन्हाळ्यातलं इंजिन ऑइल : एका ट्रॅक्टरच्या आणि एका मोटारसायकलच्या नोंदी

१७ मार्च २०२४, रविवार

मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार अजून डोक्यातून जात नाही, म्हणून ही वही उघडली. एप्रिलचा मधला आठवडा, दादर ज्वारीची मळणी चालू. दोनच्या सुमारास ट्रॅक्टरचा ऑइल लाईट लुकलुकायला लागला. रेस वाढवली की विझायचा, सोडली की परत लागायचा. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "दादा, ऊन वाढलं, ऑइल पातळ पडलं. जाड टाकून घ्या." तेव्हा २०डब्ल्यू-५० टाकलं. चार-पाच दिवस लाईट गप्प बसला आणि मे महिन्यात नांगरटीला पुन्हा तेच.

पुढे पावसाळा लागला, काम कमी झालं, विषय मागे पडला. ऑक्टोबरमध्ये नेहमीचं १५डब्ल्यू-४० भरलं. आता पुन्हा मार्च आहे, चोपड्याच्या बाजारात जो तो हाच सल्ला देतोय. शेजारचे आप्पा कालच म्हणाले, "ऊन कितलं शे भो, पातळ ऑइल कसं टिकी?" त्यांचं वय आणि ट्रॅक्टरवरची चाळीस वर्षं बघता त्यांना मोडता घालायला मजजवळ काही नव्हतं. कारण मी स्वतः कधी काही मोजलंच नव्हतं.

गाडी तीन सिलिंडरची, २०११ची. तासमीटर आज ५,८७०. इंजिन एकदाही खोललेलं नाही. चेंबरमध्ये सात लिटर ऑइल बसतं, आत्ताच्या ऑइलला १६० तास झालेत. घरची शेती तीच करते, शिवाय गावात भाड्याने नांगरटी आणि मळणीही तिच्यावरच. उन्हाळ्यात ती बंद पडली तर वर्षाचा हिशोब बसत नाही.

यंदा आधी मोजायचं, मग डबा विकत घ्यायचा.

२० मार्च, बुधवार

ट्रॅक्टरचं पुस्तक माळ्यावर सापडलं, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला, पण ऑइलचं पान शाबूत. त्यात बाहेरच्या तापमानाप्रमाणे तक्ता आहे. २५ अंशांच्या वर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०. ५० कुठेच नाही.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल आमच्याकडे मोठा गैरसमज आहे, तो आज माझाही दूर झाला. "डब्ल्यू म्हणजे वेट, म्हणजे वजन" असं गॅरेजवर सांगतात. ते विंटरचं डब्ल्यू आहे. पहिला आकडा थंडीतल्या सुरुवातीचा. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २०ला. खान्देशात डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहावर उतरला तरी आपण शेकोटी पेटवतो. म्हणजे पहिल्या आकड्यावरून भांडण्यात आपल्याला काही अर्थ नाही. १५ असो की २०, पहाटे गाडी लागणारच.

आपल्या कामाचा आकडा दुसरा. तो मोजतात १०० अंशांना. तिथे ऑइल किती सरसर वाहतं, त्याचं माप सेंटिस्टोकमध्ये; आकडा मोठा म्हणजे ऑइल जाड. ३०चं ऑइल ९.३ ते १२.५ च्या आत, ४०चं १२.५ ते १६.३ च्या आत, ५०चं १६.३ ते २१.९ च्या आत. याचा अर्थ १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही गरम इंजिनात एकाच घरातली. एक जाड आणि एक पातळ असं दुकानात म्हणतात ते गरम इंजिनाला लागू नाही.

आणखी एक माप माहितीपत्रकात असतं, १५० अंशांना दाबाखाली. बेअरिंगच्या फटीत ऑइल दाबलं आणि ओढलं जातं तेव्हा त्याची जाडी किती उरते, ते. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ला किमान ३.७ लागतं, आणि ५०लाही किमान तेवढंच. हे वाचून मी बराच वेळ पान बंद केलं नाही.

२३ मार्च, शनिवार

काट्याचं ऑइल प्रेशर गेज बसवलं. लाईटवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं, कारण लाईट प्रेशर पार तळाला गेल्यावर लागतो. तोवर बेअरिंगला जे व्हायचं ते होऊन जातं.

लाईटचा स्विच ब्लॉकमधून काढला. तिथे पितळी टी बसवली, एका बाजूला जुना स्विच, दुसऱ्या बाजूला तांब्याची नळी. नळीला डॅशबोर्डाखाली एक वेटोळं दिलं, कंपनाने तुटू नये म्हणून. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळताना पहिली आटी मोकळी सोडली. टेपचा तुकडा सुटून ऑइलच्या वाटेत गेला तर उपायापेक्षा अपाय.

स्टार्टर मारला. काटा क्षणभर शून्यावर थरथरला, मग सरळ ४ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला. दहा-बारा वर्षं या इंजिनाबरोबर आहे, पण त्याची नाडी आज पहिल्यांदा हाताला लागली.

अर्धा तास रोटाव्हेटर चालवून परत वाचन घेतलं. मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर २.१ किलो. रेस सोडल्यावर ०.६. बाहेर ३७ अंश. म्हणजे अजून उन्हाळा लागायचा आहे आणि काटा आत्ताच खाली आहे.

२८ मार्च, गुरुवार

धुळवड झाली. आज मुलाला घेऊन पडवीत बसलो आणि जाडी मोजायचं साधन केलं. शास्त्रशुद्ध नाही, पण एकाशी दुसरं ताडून बघायला पुरेसं. स्टीलचा लहान पेला घेतला, बुडाला तीन मिलीमीटरचं भोक पाडलं, आतून-बाहेरून कानशीने कंगोरे काढले. खाली मापाचा ग्लास. पेला काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि खाली १०० मिली जमेपर्यंत मोबाइलवर सेकंद मोजायचे. प्रत्येक ऑइल तीनदा, मधे पेला डिझेलने धुऊन फडक्याने कोरडा.

पडवीत थर्मामीटर ४० वर. इथे मला एक गोष्ट फार आवडली. कंपन्या माहितीपत्रकात जे पहिलं माप देतात, ते ४० अंशांचं असतं. प्रयोगशाळेत त्यासाठी ऑइल गरम पाण्यात ठेवावं लागतं. आपल्याकडे मार्चअखेर ते पडवीत ठेवलं की झालं.

नवं २०डब्ल्यू-५० : १०४ सेकंद.
नवं १५डब्ल्यू-४० : ७४ सेकंद.
मोटारसायकलचं नवं १०डब्ल्यू-३० : ४८ सेकंद.
ट्रॅक्टरच्या चेंबरमधलं, १६० तास चाललेलं १५डब्ल्यू-४० : ५० सेकंद.

शेवटचा आकडा मुलाने दोनदा तपासला. मग मी तपासला. ५०.

डिझेल इंजिनात ऑइल वापरलं की काजळी मिसळते, आणि काजळीने ऑइल जाड होतं. जुनं डिझेल ऑइल नव्यापेक्षा इतकं पातळ असायचं कारणच नाही. पहाटे असो की दुपारी, मोजणी ४० अंशांचीच आहे, म्हणजे उन्हाचाही यात हात नाही. चेंबरमध्ये काहीतरी मिसळतंय.

२९ मार्च, शुक्रवार

आज तीन गोष्टी केल्या.

पहिली, डिपस्टिक नीट बघितली. पातळी वरच्या खुणेच्याही वर. इतके महिने आम्ही "ऑइल अजिबात पीत नाही गाडी" म्हणून समाधानी होतो. दर आठवड्याला बघणारा सालदार "भरलेलं आहे" एवढं सांगायचा, आणि भरलेलं म्हणजे चांगलं असंच सगळे धरून चाललो.

दुसरी, गरम इंजिनातली डिपस्टिक काढून वास घेतला. जळक्या ऑइलच्या वासाखाली डिझेलचा वास. एकदा नाकाला कळला की मग चुकत नाही.

तिसरी, वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर गरम ऑइलचा एक थेंब सोडला आणि कागद सावलीत दोन विटांवर उचलून ठेवला. संध्याकाळपर्यंत मधे काळा गोल, त्याभोवती राखाडी कडं, आणि त्याच्याही बाहेर बोटभर रुंदीचं फिकट पिवळं, तेलकट वलय पसरलं. शेजारी नव्या ऑइलचा थेंब ठेवला होता, त्याला असं बाहेर पळणारं वलय नव्हतं. ते डिझेल आहे. पातळ असल्यामुळे कागदात सगळ्यात लांब तेच जातं.

शेकडा पाच डिझेल मिसळलं तरी ४०चं ऑइल ३०च्या घरात उतरतं. मागच्या वर्षी जे "उन्हाने पातळ पडलं" ते बहुतेक हेच. २०डब्ल्यू-५० टाकल्यावर चार-पाच दिवस बरं वाटलं, कारण ऑइल नवं होतं. त्यातही डिझेल उतरलं आणि लाईट परत लागला. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

३० मार्च, शनिवार

मिस्त्री आला. मी पेला, सेकंद आणि कागद तिन्ही पुढे ठेवले. त्याने वाद घातला नाही, कागद उजेडात धरून बघितला आणि सरळ फीड पंपाकडे, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या पंपाकडे गेला. आमच्या गाडीचा फीड पंप ब्लॉकच्या बाजूला, हाताच्या लिव्हरचा आहे. आतल्या रबरी डायफ्रामच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचं चेंबर. रबर फाटलं की डिझेल दुसरीकडे वाट काढतं आणि थेट ऑइलमध्ये उतरतं.

चार बोल्ट काढले. डायफ्राम हातात घेऊन वाकवला तर मधल्या गोल पत्र्याच्या कडेने नखाएवढी चीर. सरळ धरला की मिटायची, वाकवला की उघडायची. पंप चालतो तेव्हा तो वाकतोच.

मिस्त्री म्हणाला, "मागच्या साली हेच पाहायला पाहिजे होतं, दादा." त्याने हे मोकळेपणाने म्हटलं याचं मला समाधान वाटलं. आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

३१ मार्च, रविवार

नवा किट जळगावहून आला. डायफ्राम बदलला. इंजिन गरम करून ऑइल सोडलं, पंधरा-वीस मिनिटं पूर्ण गळू दिलं. सात लिटरच्या चेंबरमधून साडेसात लिटरच्या आसपास निघालं! फिल्टर बदलला, नव्या फिल्टरच्या रबरावर बोटाने ऑइल फिरवलं.

भरलं १५डब्ल्यू-४०, डब्यावर एपीआय सीआय-४ ही दर्जाची खूण लिहिलेली. जाडीइतकंच हे अक्षर बघायला हवं. डिझेलला सी, पेट्रोलला एस. जाडी बरोबर आणि दर्जा चुकीचा असं ऑइल काजळी धरून ठेवत नाही.

जुनं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलं. विहिरीच्या किंवा नाल्याच्या जवळ ते ओतायचं नाही, घरात सगळ्यांना सांगितलंय. कॅन भरले की जुनं ऑइल नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्याला देणार.

अर्धा तास चालवून वाचन : १,५०० वर ३.१ किलो, रेस सोडल्यावर १.२. बाहेर ३९ अंश. आठ दिवसांपूर्वीपेक्षा बाहेर दोन अंश जास्त ऊन, आणि काटा एक किलोने वर.

६ एप्रिल, शनिवार

दादरची मळणी. ज्या कामात मागच्या वर्षी लाईट लागला, तेच काम, तोच थ्रेशर. आज खरी परीक्षा होती.

मल्टिमीटरबरोबर तापमानाची जी पातळ वायर येते, ती डिपस्टिकच्या भोकातून चेंबरमध्ये सोडायची युक्ती मुलाची. वायरवर खूण केली, म्हणजे टोक ऑइलमध्ये बुडतं पण खाली टेकत नाही. गाडी थांबवली की लगेच वायर सोडायची, अर्ध्या मिनिटात आकडा स्थिर होतो.

सकाळी नऊला सुरू केलं. दहाला चेंबरमधलं ऑइल ९८ अंश, प्रेशर ३.१. अकराला १०४, २.९. बाराला ११२, २.६. साडेबाराला ११८, आणि काटा २.३. कूलंटचा काटा लाल पट्ट्याच्या तोंडाशी. ऑइल नवं, डिझेलची गळती बंद, तरी काटा घसरतोय.

थांबवलं. पुढची जाळी उचलली आणि कारण समोर होतं. दादरचा बारीक भुसा, तुसं आणि धूळ रेडिएटरवर नुसती गोधडी पांघरल्यासारखी बसली होती. बोट फिरवलं तर बोटाच्या वाटेपुरती पितळी पन्हाळी दिसली, बाकी सगळं करड्या थराखाली. मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा असतो. पुढून वारा लागत नाही, फक्त पंख्याची ओढ. आणि थ्रेशरचा भुसा वाऱ्याबरोबर फिरून त्याच पंख्याकडे येतो. आमचा थ्रेशर पश्चिमेकडे तोंड करून उभा होता आणि वारा पश्चिमेचा.

इंजिन थंड झाल्यावर पंपाच्या हवेने आतून बाहेर, म्हणजे पंख्याच्या बाजूने पुढे, भुसा उडवला. पुढून हवा मारली तर कचरा आणखी आत रुततो. मग थ्रेशर आणि ट्रॅक्टर दोन्ही फिरवून वाऱ्याला आडवे लावले.

दुपारी सव्वादोनला पुन्हा सुरू. सावलीत ४२ अंश, दिवसातलं सगळ्यात जास्त ऊन. साडेतीनला ऑइल १०४ अंश, प्रेशर २.९. चारला १०५.

सकाळी कमी उन्हात ११८, दुपारी जास्त उन्हात १०५. मला वाटतं, हा सगळा खेळ याच दोन आकड्यांत आहे. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. रेडिएटर मोकळा असेल तर तो पाणी ८०-९० अंशांच्या आसपास राखतो आणि ऑइल त्याच्या थोडं वर राहतं. बाहेर ३० असो की ४४, चेंबरमध्ये चौदा अंशांचा फरक पडत नाही, चार-पाचाचा पडतो. रेडिएटर झाकला गेला की मग काहीच धरबंध राहत नाही. ऑइलची जाडी चेंबरमधल्या उष्णतेवर ठरते, आणि ती उष्णता सूर्यापेक्षा त्या भुशाने जास्त वाढवली होती.

रात्री मुलाने माहितीपत्रकातले आकडे घेऊन गणित मांडलं. ५०चं ऑइल ११८ अंशांना सुमारे १२ सेंटिस्टोकवर येतं. ४०चं ऑइल १०४ अंशांना सुमारे १३ वर असतं. म्हणजे घाणेरड्या रेडिएटरमागचं जाड ऑइल हे स्वच्छ रेडिएटरमागच्या साध्या ऑइलपेक्षा पातळच. शिवाय दहा अंश वाढले की ऑइल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, तो तोटा वेगळाच.

७ एप्रिल, रविवार

मळणी संपली. दर दोन तासांनी हवा मारली. ऑइल १०६ च्या वर गेलं नाही.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, ट्रॅक्टरला हार घातला. वाचन नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

पेल्याची चाचणी गरम करून घेतली. ऑइलची बाटली मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवायची, सरळ आचेवर कधीच नाही. पेलाही त्याच पाण्यात तापवून घेतला. ८५ अंशांना सोडलं.

२०डब्ल्यू-५० : २१ सेकंद. १५डब्ल्यू-४० : १६. १०डब्ल्यू-३० : ११.

४० अंशांना ५० आणि ४० मध्ये ३० सेकंदांचं अंतर होतं, ते इथे ५ सेकंदांवर आलं. दुकानात डबा हलवून, बोटांत चोळून "हे बघा किती दाट" म्हणतात, ती दाटी थंड ऑइलची असते. गरम इंजिनात तिन्हीही पाण्यासारखीच धावतात, फरक उरतो तो थोडका. थोडका म्हणून क्षुल्लक नाही, पण बोटांना तो कळत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

आप्पांच्या ट्रॅक्टरला आमचं गेज लावायची त्यांनी परवानगी दिली. गाडी आमच्याच मॉडेलची, आमच्यापेक्षा दोन वर्षं जुनी, तासमीटर ९,००० च्या पुढे, ऑइल २०डब्ल्यू-५०. नांगरटीत तासभर चालल्यावर १,५०० वर ३.२ किलो, चेंबर १०३ अंश.

आप्पा खूश झाले. "बघ, तुझ्यापेक्षा काटा वर." मी त्यांना म्हटलं, आप्पा, काटा वर म्हणजे बेअरिंगला जास्त ऑइल मिळतंय असं धरून चालू नका. पंप फेऱ्यांप्रमाणे ठरलेलं ऑइल ढकलतो. जाड ऑइल वाटेत जास्त अडतं, म्हणून काटा चढतो. फार चढलं तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेच ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो.

पण त्यांच्या गाडीत मी ५० काढा असं म्हटलं नाही. बेअरिंगच्या फटी वाढलेल्या आहेत, इंजिन काम जवळ आलंय. अशा इंजिनात जाड ऑइल फट थोडी भरून काढतं, तो त्यांचा अनुभव खरा आहे. त्यांचं उत्तर त्यांच्या इंजिनाला बरोबर आहे. माझ्या इंजिनाला ते लावणं ही माझी चूक होती.

जाताना मी त्यांची डिपस्टिक काढून वास घेतला. आप्पांनीही घेतला. डिझेल नाही.

४ मे, शनिवार

मोटारसायकल. इथे गणित वेगळं आहे आणि उन्हाळ्याची काळजी इथे जास्त खरी आहे. मुलाची शंभर सीसीची गाडी हवेने थंड होते. रेडिएटर नाही, थर्मोस्टॅट नाही. फिन्सवरून जाणारी हवाच ४३ अंशांची असेल तर इंजिन तेवढंच वरून सुरुवात करतं. शिवाय गिअर, क्लच आणि इंजिन एकाच ऑइलमध्ये. गिअरचे दाते ऑइलला चिरडतात, त्यातली जाडी टिकवणारी लांब साखळ्यांची रसायनं तुटतात, आणि ऑइल हळूहळू पातळ होत जातं. हे ट्रॅक्टरच्या इंजिनात इतकं होत नाही.

मुलगा म्हणतो, चोपड्याहून येताना शेवटच्या टप्प्यात गाडी आवाज करते, गिअर अडकतो. गॅरेजवाल्याने २०डब्ल्यू-४० सुचवलं. पुस्तकात १०डब्ल्यू-३० आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या शंभर सीसीला पुस्तकातच २०डब्ल्यू-५० लिहिलंय, म्हणजे शंभर सीसी म्हणून एकच ऑइल असं काही नसतं.

ऑइल सोडून मापलं. ६०० मिली निघालं. भरायला हवं होतं ९००. तिथेच थांबलो. सगळं मिळून एक लिटरही नाही, त्यातलं तिसरा हिस्सा कमी. उरलेल्या ऑइलने तेवढीच उष्णता वाहायची, तेवढेच दाते झेलायचे. पेल्यात टाकलं तर ३९ सेकंद, नवं असताना ४८. पातळही झालेलं आणि कमीही. ४,१०० किलोमीटर चाललेलं.

ठरवलं : पुस्तकातलंच १०डब्ल्यू-३०, पण दर २,५०० किलोमीटरला बदलायचं आणि दर रविवारी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पातळी बघायची. २०डब्ल्यू-४० टाकून गाडी बिघडली असती असं मी म्हणणार नाही, पण जी खोट पातळीत होती ती जाडीने भरली नसती.

डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालतं ही खूण, बघितल्याशिवाय मोटारसायकलला ऑइल घ्यायचं नाही. गल्लीतल्या एकाने कारचं उरलेलं चांगलं, महागाचं ऑइल गाडीत टाकलं. आठवड्यात क्लच घसरायला लागला. रेस वाढते, गाडी वाढत नाही. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि आपला क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्याला घर्षणच हवं असतं.

१० मे, शुक्रवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घागर भरली, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या. लेकी माहेरी आल्यात, निंबाला झोका बांधलाय, गाणी ऐकू येताहेत.

सालदाराचं साल आज बदलतं. जुना त्याच्या गावी गेला, नवा आजपासून कामाला. पूजा झाल्यावर त्याला ट्रॅक्टरपाशी नेलं आणि दोन गोष्टी हाताने करून दाखवल्या. सकाळी गाडी लावायच्या आधी डिपस्टिक पुसून, परत घालून, मग बघायची. पातळी कमी झाली तर सांगायचं, आणि वाढली तर आधी सांगायचं. त्याने विचारलं, "वाढली तर चांगलंच ना, मालक?" मग त्याला मार्चमधला तो वर्तमानपत्राचा कागद दाखवला. जपून ठेवलाय. पिवळं वलय त्याने बोटाने गिरवलं आणि मग डिपस्टिकचा वास स्वतःहून घेतला.

दुसरी गोष्ट, रेडिएटरची जाळी. ती रोज संध्याकाळी.

१३ मे, सोमवार

सकाळी लवकर मतदान करून आलो. दुपारी ट्रॅक्टर घरीच. एअर फिल्टर उघडला, ऑइल बाथवाला आहे. वाटीतलं ऑइल चिखलासारखं झालेलं. नांगरटीची धूळ जर इथे अडली नाही तर सिलिंडरमध्ये जाते आणि तिथून चेंबरमध्ये, मग कितीही भारी ऑइल असो, ते धुळीसकट बेअरिंगला घासत फिरतं. वाटी धुऊन नवं भरलं. मेमध्ये हे आठवड्याला करायचं, पुस्तकातले तास इथल्या धुळीला पुरत नाहीत.

२२ मे, बुधवार

वर्षातली सगळ्यात कडक दुपार. गोठ्याच्या सावलीत थर्मामीटर ४५. तापीकाठच्या काळ्या रानात पल्टी नांगर, जमीन दगडासारखी, इंजिनावर पूर्ण भार. खरं तर अकरानंतर काम बंद ठेवतो, माणसासाठी. आज फक्त नोंदीसाठी एक ते दोन स्वतः चालवला, डोक्याला ओलं उपरणं बांधून.

दोन वाजता : चेंबर १०८ अंश. १,५०० वर २.८ किलो. रेस सोडल्यावर १.०. ऑइलला ९० तास झालेले.

लाईट लागला नाही. १५डब्ल्यू-४०, तेच.

८ जून, शनिवार

मृग लागला. काल संध्याकाळी सातपुड्यावर वीज चमकत होती, रात्री शिडकावा झाला, मातीचा वास सुटला. कापसाची लगबग सुरू झाली आहे.

ऑइलला १२५ तास झाले. पडवीत आज ३६ अंश होते, म्हणून नवं आणि जुनं दोन्ही गरम पाण्यात ४० वर आणून पेल्यात सोडलं. नवं ७४ सेकंद. जुनं ७८. काळं आहे, थोडं जाड झालंय, डिझेल इंजिनातलं ऑइल जसं व्हायला हवं तसं. कागदावरच्या थेंबाला बाहेरचं वलय नाही. डिपस्टिकची पातळी वरच्या खुणेपासून एक सूत खाली.

मोटारसायकलच्या ऑइलला १,९०० किलोमीटर झालेत, पातळी खुणांच्या मधे. गिअर अडकत नाही म्हणतो मुलगा.

आप्पा सकाळी येऊन गेले. इंजिन काम दिवाळीनंतर काढणार आहेत. तोवर ५०च ठेवतो म्हणाले, मी हो म्हटलं. जाताना त्यांनी पेला मागून नेला.